वैज्ञानिक पदकांचा संग्रह

विज्ञानातील उल्लेखनीय कार्याबद्दल दिलेली ऐतिहासिक पदके मिळविणे, त्यांची नोंद ठेवणे व जतन करणे, ही नाणकशास्त्राशी संलग्न अशी अभ्यासशाखा आहे. नाणे मोठ्या संख्येने पाडले जाते व हातोहात फिरते; पदक मात्र एका व्यक्तीस एका कार्याबद्दल मिळते. त्यामुळे त्यावर कोरलेले नाव, वर्ष आणि सोबतचे मानपत्र वा पत्रव्यवहार यांवरच त्याचे ऐतिहासिक मूल्य मुख्यतः अवलंबून असते. धातूची किंमत या दृष्टीने दुय्यम होय.

यूरोपात स्मृतिपदकांची प्रथा पंधराव्या शतकात इटलीतील पीझानेल्लो या चित्रकाराने रूढ केली. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पारितोषिक १७३१ मध्ये प्रथम दिले गेले व १७३६ मध्ये त्यास पदकाचे रूप देण्याचे ठरले. त्याच सोसायटीचे ह्यूझ पदक चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० मध्ये, तर कॉप्ली पदक सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांना १९८४ मध्ये मिळाले. १९०१ पासून दिल्या जाणाऱ्या नोबेल पारितोषिकाचे पदक १९८० पूर्वी २३ कॅरट सोन्याचे व सु. २०० ग्रॅ. वजनाचे असे. भौतिकी व रसायनशास्त्र यांच्या पदकांच्या पृष्ठबाजूवर मेघांतून प्रकटणारी निसर्गदेवता असून मानकऱ्याचे नाव तेथेच कोरलेले असते.

नाव कोरलेले असणे एकदा धोक्याचेही ठरले. माक्स फोन लौए व जेम्स फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदके सुरक्षिततेसाठी कोपनहेगनमधील नील्स बोर यांच्या संस्थेत ठेवलेली होती. नाझी राजवटीत देशाबाहेर सोने पाठविणे हा गंभीर गुन्हा होता आणि पदकांवरील नावांमुळे मालकांची ओळख सहज पटली असती. म्हणून एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य शहरात शिरताच जॉर्ज हेव्हेशी यांनी ती अम्लराजात विरघळविली. तो द्राव युद्धकाळात प्रयोगशाळेतील फळीवर तसाच राहिला. युद्धानंतर त्यातून सोने पुन्हा मिळवून नवी पदके पाडण्यात आली. फ्रांक यांना त्यांचे पदक १९५२ मध्ये परत देण्यात आले. ही पदके मूळ ठोकणीची नाहीत; तरी त्यांचा पूर्वेतिहास ज्ञात असल्याने इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल उणे होत नाही.

अलीकडे अशा पदकांना लिलावात मोठी किंमत येते. जेम्स वॉटसन यांचे नोबेल पदक २०१४ मध्ये चाळीस लाखांहून अधिक डॉलरना विकले गेले. खरेदीदाराने मात्र ते त्यांना परत केले. पदक, मानपत्र व टिपणे वेगवेगळ्या हाती गेल्यास परस्परांचा पुरावा तुटतो. भारतात पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षे पूर्ण झालेली कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही.

या संग्रहास लागणारी शिस्त नाणकशास्त्रात आधीच विकसित झाली आहे. महाराष्ट्रात नाशिकजवळ, त्र्यंबकेश्वर मार्गावरील अंजनेरी येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज ही संस्था या अभ्यासासाठी प्रसिद्ध झाली. परमेश्वरीलाल गुप्त व के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने ती १९८० मध्ये स्थापन झाली. वजन, धातू, ठसा, लेख व प्राप्तिस्थान यांची नोंद केल्याविना नाणे पुरावा म्हणून स्वीकारू नये, हा नाणकशास्त्रातील दंडक पदकांनाही तितकाच लागू पडतो.

पदकांवरून वैज्ञानिक कार्याचा संपूर्ण इतिहास मात्र कळत नाही. नाशिकनजीकच्या देवळाली येथे १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांना विद्यार्थिदशेत, १९२७ मध्ये, रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले होते. परंतु ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाची जगभर ओळख झाली ती १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कार्याविषयी लिहिल्यानंतर. पदकसंग्रह मान्यतेची साक्ष देतो. अशा कार्याच्या इतिहासासाठी मूळ लेखन व कागदपत्रे यांचाच आधार घ्यावा लागतो.