माळावरची राई, चकवा आणि माझा चुकलेला फोटो

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी गाईडना एक फोटो मोठ्या कौतुकाने दाखवला होता. जेऊरजवळच्या माळावरची म्हसोबाची राई. पहाटेचं धुकं, हिवराच्या वाकड्यातिकड्या फांद्या, मधोमध शेंदूर लावलेला दगड. खाली मी लिहिलं होतं, ‘प्राचीन अरण्याचा शेवटचा अवशेष’. सरांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, "बाकीचा माळ कुठे गेला?"

माळ मीच कापला होता. डावीकडे मेंढरांचा वाडा होता, लांबवर उसाची ट्रॉली उभी होती आणि चारही बाजूंना कुसळी गवत. राई गूढ दिसावी म्हणून मी गुडघ्यावर बसून, क्षितिज लपवून फोटो काढला होता. फोटो खोटा नव्हता हो. पण त्याखालच्या ओळीला माझ्याकडे एकही पुरावा नव्हता.

मग ती ओळ आली कुठून? थोडी गोष्टींतून. "सांजचं तिकडं जाऊ नगं, चकवा लागंल," असं आजी सांगायची. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या ठिकाणी फिरत राहतो; उजाडेपर्यंत खाली बसून राहायचं, हाच उपाय. अमावास्येला वेताळाची फेरी निघते, टेंभे दिसतात. राईतली काडी मोडली तर घरातलं जनावर दगावतं. इतकी भीती ज्या जागेची, ती जुनीच असणार, असं आपण मनात धरून चालतो.

हीच चूक इंग्लंडमध्ये पार डार्टमूरपर्यंत झालेली आहे. डेव्हनमधल्या त्या उघड्या, वाऱ्याच्या माळावर विस्टमन्स वूड नावाची छोटी राई आहे. मोठमोठे धोंडे, त्यांच्यावर शेवाळ आणि त्यांतून उगवलेले खुजे, पिळवटलेले ओक. तिथली दंतकथा अशी, की रात्री सैतानाची काळी कुत्री याच राईतून शिकारीला सुटतात. त्या भागात चकव्याचा भाऊही आहे : पिक्सी माणसाची वाट चुकवतात आणि उपाय म्हणजे अंगातला कोट उलटा करून घालायचा! फोटोग्राफर तिथे एवढे गेले, की शेवाळ तुडवलं जाऊ नये म्हणून अलीकडे लोकांना आत न शिरण्याची विनंती करावी लागली.

त्या राईचं वय काढायचा प्रयत्न जुना आहे. 1866 मध्ये परवानगी घेऊन एक झाड तोडलं, वलयं मोजली आणि तसा लेख कोरलेला दगड तिथे आजही आहे. पण मला आवडतो तो 1980 मधला अभ्यास. प्रॉक्टर आणि दोन स्पूनर या अभ्यासकांनी राईचे जुने फोटो आणि इतर नोंदी समोर ठेवून ती कशी बदलली ते तपासलं. 1620 च्या सुमाराची एक नोंद सांगते, की झाडं माणसाच्या डोक्याएवढीच उंच होती. 1997 मध्ये सरासरी उंची 7 मीटरच्या आसपास भरली. आणि 1900 नंतर कडेने नवे ओक उगवून राईचं क्षेत्र जवळपास दुप्पट झालं. म्हणजे ‘काळ थांबलेली’ म्हणून जिचे फोटो विकले जातात, ती राई विसाव्या शतकात चक्क वाढत होती. काही ओक 400-500 वर्षांचे आहेत, तेही खरंच. जुनी झाडं आणि न बदललेली राई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता परत आपल्या माळावर. ‘इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसांनी तोडलं’ हे आपल्याकडे इतक्यांदा बोललं जातं, की पुरावा कुणी मागतच नाही. 2025 मध्ये दिग्विजय पाटील आणि आशीष नेर्लेकर यांनी तो मागितला. जुन्या मराठी ग्रंथांतले आणि मौखिक परंपरेतले वनस्पतींचे उल्लेख त्यांनी गोळा केले. त्यात भरणा निघाला तो गवताळ, काटेरी, मोकळ्या प्रदेशातल्या झाडांचा. हे उल्लेख थेट तेराव्या शतकापर्यंत मागे जातात. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले माळ निदान तेव्हापासून माळ आहेत. हा वाद फक्त इतिहासाचा नाही. माळ म्हणजे ‘मेलेलं जंगल’ असं एकदा ठरलं, की तिथे खड्डे खणून रोपं लावली जातात आणि माळढोक, लांडगा यांची जागा जाते. नान्नजचं अभयारण्य माळढोकासाठी आहे, ते याच सोलापूर जिल्ह्यात. माझ्या फोटोखालची ओळ नकळत त्या खड्ड्यांच्या बाजूने बोलत होती.

कोकणात मात्र गोष्ट उलटी होऊ शकते. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवराया गावोगाव फिरून नोंदवल्या. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या देवराईवर तोड येणार होती आणि गावकऱ्यांनीच या अभ्यासकांकडे मदत मागितली. तिथे भोवतालचं जंगल खरंच गेलं होतं, त्यामुळे तिथे ‘अवशेष’ हा शब्द चालतो. तो जेऊरला तसाच उचलून आणायचा नाही. जागा बदलली की पुरावा नव्याने लागतो.

दुसऱ्या वर्षी मी माळावर परत गेलो ते भर दुपारी. एका धनगर आजोबांना जुना फोटो दाखवला. ते हसले. "ह्यातली निम्मी हिवरं माझ्या देखत झाली. भ्यानं कोण मेंढरं आत घालीना, मग वाढली." आठवण म्हणजे काही सिद्ध पुरावा नव्हे, ती इतर साधनांशी ताडून पाहावी लागते. पण चकव्याच्या गोष्टीकडे मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने बघू लागलो. आधी ती मला राईच्या वयाची खूण वाटायची. कदाचित ती चराईबंदीचा नियम असेल आणि राई त्या गोष्टीतूनच वाढली असेल.

फिल्डवर्कला निघालेल्यांनी माझ्याकडून एवढं घ्या : जागा ठरवून तिथे खुणेचा दगड ठेवा, कॅमेऱ्याची उंची, दिशा, तारीख, वेळ वहीत लिहा, आणि एक फोटो असा काढा ज्यात राई लहान दिसेल. गोष्ट कुणी सांगितली, कधी सांगितली, सांगताना कोण कोण बसलं होतं, हेही त्याच पानावर लिहा. आत जाण्याआधी गावात विचारा. चप्पल बाहेर काढायला सांगितली तर काढा, काटे मोडले तरी.

परवा त्याच दगडावरून चौथ्यांदा फोटो काढला. वाडा आहे, ट्रॉली नाही. उजव्या कडेला गुडघ्याएवढी तीन हिवराची रोपं उगवली आहेत, गेल्या वर्षीच्या फोटोत ती नाहीत.