मूस घेऊन निघालेला मुलूख

कोइमतूर असो, मदुराई असो की त्रिशूर. सराफ पेठेतल्या मोठ्या रस्त्यावरून आतल्या बोळात वळलं की एखाद्या अरुंद गाळ्यातून भट्टीची धग अंगावर येते. गाळ्यात वजनकाटा, एका कोपऱ्यात मुशी रचून ठेवलेल्या, भिंतीवर शिवाजी महाराजांची तसबीर. मालक समोरच्या सोनाराशी तिथल्या भाषेत, तिथल्याच हेलात घासाघीस करत असतो. एवढ्यात फोन वाजतो, आणि भाषा एका क्षणात पालटते. ‘पाऊस झाला का तिकडं?’ हा प्रश्न विट्याला, आटपाडीला किंवा म्हसवडला विचारलेला असतो.

हे गलाईवाले. जुनं सोनं-चांदी गाळून, त्यातली भेसळ काढून, शुद्ध धातू परत करणं म्हणजे गलाई. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हे तालुके आणि साताऱ्यातला खटाव-माणचा पट्टा इथली माणसं या एका कामाच्या जोरावर देशभर पसरली. केरळ-तमिळनाडूपासून बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशापर्यंत सोन्याची पेठ म्हटली की तिथं एखादा गलाईवाला आढळतोच. पिढ्यान्‌पिढ्या बाजरी-ज्वारी पेरणाऱ्या, मेंढरं राखणाऱ्या मुलखातली पोरं हजार-दीड हजार किलोमीटर लांब जाऊन सोन्याचा कस काढायला शिकली. एका मुलखाने आपली चाकोरी कशी मोडली, याचं याहून ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात शोधावं लागेल.

चाकोरी मोडायला लावलं ते आभाळाने. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो, आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. आटपाडी, खानापूर, जत याच पर्जन्यछायेतले. यातला काही भाग एकेकाळी सातारा म्हणूनच ओळखला जाई. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. नकाशावरची रेघ बदलली, पावसाची रेघ बदलली नाही. १८७६-७८ च्या दुष्काळाने हा भाग होरपळला, शतक सरताना पुन्हा होरपळला, १९७२ ला पुन्हा. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘बनगरवाडी’ लिहिली ती याच मातीवर; त्या कादंबरीच्या शेवटी दुष्काळाने वाडी रिकामी होते. ती काही निव्वळ लेखकाची कल्पना नव्हती.

गाव सोडायच्या वाटा तीन होत्या. पहिली पलटणीची. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, म्हणून ते गाव आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ आहे. दुसरी वाट मुंबईची: गिरण्या, गोदी, धान्यबाजार. पाठीवर ओझी वाहणाऱ्या या माणसांची संघटना उभी केली ती पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. या दोन्ही वाटा खडतर होत्या, पण त्यांच्या दुसऱ्या टोकाला ओळखीचं काहीतरी वाट बघत असे. पलटणीत मराठा गडी असत, मुंबईत गावकऱ्यांच्या खोल्या आणि खानावळी असत. भाषा तरी आपली असे.

तिसरी वाट गलाईची. तिच्या टोकाला ना भाषा आपली, ना भाकरी, ना देव.

आज ज्याला ‘कम्फर्ट झोन’ म्हणतात, तो शब्द या माणसांना लावताना जरा थांबावं लागतं. मागे सोडलेल्या घरात सुख कुठलं? विहिरीला पाणी नाही, कणगीत दाणा नाही. तरीही त्या घरात एक गोष्ट भरपूर होती: ठाऊक असणं. कोणत्या वावरात काय पिकतं, कोणत्या बैलाची खोड काय, कोणाकडे उसनं मागावं आणि कोणाकडे मागू नये. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा रेल्वेतून मद्रासकडे निघे तेव्हा हे सगळं ज्ञान एका रात्रीत निरुपयोगी होई. जिथं आपल्याला काहीच येत नाही अशा जागी जाऊन पहिल्यापासून शिकायचं, ही त्या प्रवासातली खरी अवघड गोष्ट होती. उपाशी राहण्याची सवय गावाने लावलेलीच होती, अडाणी ठरण्याची नव्हती.

आणि शिकायचं होतं ते सोपं नव्हतं. सोनाराच्या दुकानातली राख आणि केर धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणाऱ्याला मराठीत ‘झारेकरी’ हा जुना शब्द आहे. म्हणजे हे काम पूर्वीपासून होतं, पण ते शेतकऱ्याचं नव्हतं. शेतकऱ्याच्या पोराने ते शून्यातून उचललं.

मोडीचा दागिना गाळ्यात येतो तेव्हा त्यात सोन्याबरोबर तांबं असतं, चांदी असते, जोडाचा डाक असतो. कसोटीवर घासून अंदाज घ्यायचा, वजन करायचं आणि मुशीत टाकून वितळवायचं. सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला, चांदी ९६२ ला. पूर्वी हे काम कोळशाच्या भट्टीवर चाले. तापमापक नसे, धातूच्या रंगावरून आणि त्याच्या पृष्ठावरच्या चकाकीवरून ओळखावं लागे. मग शुद्ध करण्याची युक्ती, आणि ती ऐकणाऱ्याला चक्रावून टाकते: सोनं शुद्ध करायचं म्हणून त्यात आधी चांदी मिसळायची. एक भाग सोनं आणि तीन भाग चांदी असं प्रमाण झालं, की तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, आतवर पोचतं. सोनं त्याहून जास्त असेल, तर तेच चांदीला झाकून ठेवतं आणि तेजाब बाहेरच अडतं. वितळलेला रस पाण्यात ओतून त्याचे रवे करायचे, रवे तेजाबात उकळायचे. तांबूस-तपकिरी धूर उठतो, चांदी-तांबं विरघळून जातं आणि भांड्याच्या तळाशी उरते एक तपकिरी भुकटी. विटेच्या चुऱ्यासारखी, कुणी रस्त्यावर टाकली तर उचलणार नाही अशी. ती भुकटी म्हणजे शुद्ध सोनं. ती गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, सवागी, म्हणजे टाकणखार, घालून परत वितळवायची, तेव्हा कुठे पिवळी लगड हाती येते.

तेजाबात गेलेली चांदीही सोडायची नाही. त्या पाण्यात तांब्याचे पत्रे बुडवले की चांदी खाली बसते आणि पाणी निळं होत जातं. मग त्याच निळ्या पाण्यात लोखंड टाकलं की तांबं परत मिळतं. केराचंही तसंच. दुकानाची झाडलोट, घासकागद, कारागिरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा जपून ठेवलं जातं. केर जाळून राख करायची, चाळायची, लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस वेगळा करायचा, पाण्यात धुवायची, आणि तळाशी राहिलेला जड गाळ मुशीत. शाळेच्या प्रयोगशाळेचं तोंड न पाहिलेली माणसं हे रसायनशास्त्र हाताने, डोळ्याने आणि चुका भरून देत शिकली.

ज्ञान मिळालं तरी धंदा होत नाही. धंद्याला विश्वास लागतो. परमुलखातला, परभाषेचा, काल आलेला माणूस. त्याच्या हातात सोनाराने दहा तोळे, म्हणजे जवळपास ११७ ग्रॅम सोनं का द्यावं? एका ग्रॅमची घट जास्त दाखवली तर सोनाराला कळणार कसं? गलाईवाल्यांनी याचं उत्तर कामातच दिलं. वजन ग्राहकासमोर, गाळणं ग्राहकासमोर, परत वजनही त्याच्यासमोर. सांगितलेला टंच आणि निघालेलं सोनं जुळलं, वर्षानुवर्षं जुळत राहिलं, की पेठेत नाव होतं. एका गलाईवाल्याची लबाडी पेठेतल्या सगळ्या मराठी गाळ्यांना भोवणार, हे प्रत्येकाला ठाऊक असे. म्हणून वचक दुहेरी होता: पेठेचा आणि गावाचा.

गावाचा वचक होता तशी गावाची सोबतही होती. एकजण जाऊन स्थिरावला की तो भाऊ, मेहुणा, भाचा, शेजारचा पोरगा बोलावून घेई. पोरगा आधी झाडू मारी, भात शिजवी, भट्टी पेटवी. मग मूस धरायला शिके, मग कसोटी, मग हिशेब. काही वर्षांनी त्याच शेठच्या आधाराने तो पुढच्या गावात स्वतःचा गाळा टाके आणि आपल्या हाताखाली आणखी दोन पोरं आणी. उडुपीच्या लोकांनी स्वयंपाकघरातून देशभर हॉटेलं उभी केली ती अशाच साखळीने. माण-आटपाडी-खानापूरच्या या मुलखाने, म्हणजे माणदेशाने, तीच साखळी भट्टीवर घडवली.

या साखळीतला एक दुवा नेहमी सांगायचा राहतो. गलाईवाल्यांच्या बायका. पुरुषाला पेठेत चार गाववाले भेटत. आटपाडीच्या वाडीतून लग्न होऊन थेट सेलम किंवा कोइमतूरला गेलेली मुलगी मात्र दिवसभर दोन खोल्यांत एकटी. भाजीवालीशी बोलताना, शेजारणीकडून इडलीचं पीठ आंबवायला शिकताना, मुलांच्या शाळेत जाताना ती तमिळ शिकली. मुलं तिथल्या शाळांत शिकली आणि घरी येऊन माणदेशी मराठी बोलली. दोन भाषांत सारख्या सहजतेने वावरणारी पिढी या स्वयंपाकघरांनी घडवली.

काळाने या धंद्याला तडाखेही दिले. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवण्यावर बंदी आली. देशभरातल्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या. १९६८ च्या कायद्याने सोनं गाळण्यापासून विकण्यापर्यंत सगळं परवान्यांच्या चौकटीत बांधलं. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला आणि पेठा पुन्हा फुलल्या. आता १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे, यंत्र काही क्षणांत सोन्याचा कस सांगतं आणि मोठ्या रिफायनऱ्या स्पर्धेत उतरल्या आहेत. दोन दुखणी मात्र जुनीच. पहिलं तेजाबाच्या धुराचं: तो फुप्फुसं पोखरतो, आणि अरुंद गाळ्यात धुराडं आणि पंखा नसेल तर धंद्याची किंमत छातीने मोजावी लागते. दुसरं पोलिसी चौकशीचं. चोरीचा माल घेतल्याचं कलम, पूर्वीचं भारतीय दंड संहितेतलं ४११ आणि आता न्याय संहितेतलं ३१७, कायम डोक्यावर असतं. वितळलेल्या सोन्यावर मालकाचं नाव नसतं, आणि परक्या मुलखात संशयाची सुई आधी परक्याकडेच वळते.

एवढं सगळं सोसून ही माणसं गावाला विसरली नाहीत. परमुलखात कमावलेल्या पैशातून खानापूर-आटपाडीत विहिरी खोदल्या गेल्या, देवळं आणि शाळा उभ्या राहिल्या, द्राक्षं आणि डाळिंबाच्या बागा लागल्या. दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत होते, खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते, तेव्हा लांबलांबच्या राज्यांच्या पाट्या असलेल्या गाड्या गावात उभ्या दिसतात. २०२० च्या टाळेबंदीत पेठा बंद झाल्या तेव्हाही कित्येक कुटुंबांनी गावाचीच वाट धरली. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून ते या दुष्काळी पट्ट्यात आणणारी योजना आता शिवारात पोचू लागली आहे. ज्या कारणाने आजोबा बाहेर पडले ते कारण हळूहळू ओसरतं आहे. नातू तरीही भट्टीकडे जातो, कारण ते आता त्याचं स्वतःचं कसब आहे.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. माणदेशाचं धाडस एकट्यादुकट्याच्या उडीचं नव्हतं. आधी गेलेल्याने मागून येणाऱ्यासाठी जागा करून ठेवली, आणि आलेल्याने पहिल्या दिवशी झाडू हातात घेण्यात कमीपणा मानला नाही. या दोन्ही गोष्टी नसत्या, तर नुसत्या दुष्काळाने गलाईवाले घडले नसते.

पहिल्या पिढीतली माणसं आता थकली आहेत. ज्यांच्या घरात असा आजोबा किंवा अशी आजी असेल, त्यांनी या दिवाळीला गावी गेल्यावर एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं. कोणत्या साली निघालात, कोणाच्या गाळ्यात उतरलात, पहिला तमिळ किंवा मल्याळी शब्द कोणता शिकलात, ते विचारून लिहून घ्यावं. आणि माळ्यावर पडलेली जुनी मूस भंगारात देऊ नये.