ज्याचं शरीर, त्याचा नाच

साल 1989. तुम्ही न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात आहात. आठवा ॲव्हेन्यू आणि एकोणिसावा रस्ता जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावरच्या जॉइस थिएटरमध्ये तुम्हाला जागा मिळाली आहे. दिवे मंदावतात आणि मेंडेल्सोनचं तंतुवाद्यांचं अष्टक सुरू होतं. सोळा वर्षांच्या मुलाने रचलेलं हे संगीत. थकवा म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नाही. लष्करी हिरव्या कपड्यांतले नर्तक पोटावर घसरत मंचावर येतात, सूर मारावा तसे एकमेकांवर झेपावतात आणि झेलले जातात.

या नाचाचं नाव ‘डी-मॅन इन द वॉटर्स’. डी-मॅन म्हणजे डेमियन अक्वावेला, हा नाच करणाऱ्या कंपनीतलाच नर्तक. एड्समुळे त्याला आता उभं राहून नाचता येत नाही. तरीही तो मंचावर येतो. नृत्यदिग्दर्शक बिल टी. जोन्स त्याला उचलून धरतो आणि डेमियन आपल्या वाट्याचा नाच फक्त हातांनी करतो. पाय दुसऱ्याचे, नाच त्याचा.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला माहीत आहे की पुढच्याच वर्षी डेमियन जाणार आहे. इथे कोणालाच काही माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी बाजारात आलेलं एझेडटी हे एकच औषध हाताशी आहे. ते महाग आहे, अंगाला सोसत नाही आणि विषाणूला फार काळ रोखतही नाही. बिलचा जोडीदार आर्नी झेन मार्च 1988 मध्ये गेला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. बिंगहॅम्टनच्या विद्यापीठात 1971 मध्ये त्यांची गाठ पडली होती. बिल उंचापुरा, कृष्णवर्णीय, फिरत्या शेतमजुरांच्या बारा मुलांतला दहावा. आर्नी गोरा, ठेंगणा, हातात कॅमेरा. इतकी वेगळी दोन शरीरं एकत्र नाचली की नृत्य कसं होतं, हा शोध त्यांनी वर्षानुवर्षं घेतला आणि 1982 मध्ये दोघांच्या नावाने कंपनी काढली. बिललाही एचआयव्हीची लागण आहे.

आता चार वर्षं पुढे या. अमेरिकेतल्या एका शहरात, एका मोठ्या खोलीत तुम्ही जमिनीवर बसला आहात. भोवती कर्करोगाचे रुग्ण आहेत, एचआयव्ही असलेले आहेत, तरुण आहेत, म्हातारे आहेत. नर्तक कोणीच नाही. इथे येण्याची अट एकच: जिवावरचा आजार तुम्ही स्वतः अनुभवलेला असला पाहिजे. बिल शहराशहरांतून अशा कार्यशाळा घेत फिरतो आहे. जे आजारात जगत आहेत त्यांना एक गोष्ट कळलेली असते आणि ती आपल्याला शिकायची आहे, असं त्याचं म्हणणं.

तुमची पाळी येते. आपलं नाव सांगायचं आणि नावासोबत एक हालचाल करायची, ज्यात तुम्ही पूर्ण मावाल. तुम्ही गोंधळता. हात छातीशी जातो, अर्ध्यावर थांबतो, मग बोटं उघडतात. बस, झाली तुमची हालचाल. सगळे जण ती करून बघतात. इतकी माणसं तुमच्या शरीराची भाषा बोलताना तुम्ही आजवर पाहिली नव्हती. दवाखान्यात या शरीराची फक्त तपासणी झाली होती.

मग कागद येतो. त्यावर आयुष्याची रेघ काढायची. कुठे चढ, कुठे उतार, निदान झालं तो दिवस कुठे, प्रेमात पडलात ते वळण कुठे. पुढे ती रेघ खोलीभर चालून दाखवायची, कोणाचा तरी हात धरून. शेवटी बिल विचारतो, तुमचा मृत्यू तुम्हाला कसा दिसतो? कोण असेल जवळ? उजेड कसा असेल? खोलीत कोणी रडतं, कोणी हसतं. पण कीव कुठेच नाही. प्रत्येक जण काहीतरी नेमकं सांगण्यात गुंतला आहे, आणि नेमकं सांगणं हे कलावंताचं काम असतं.

1994 चा हिवाळा. ब्रुकलिन ॲकॅडमी ऑफ म्युझिकच्या भव्य प्रेक्षागृहात तुम्ही ‘स्टिल/हिअर’ बघायला आला आहात. सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या लिओं शहरात त्याचा पहिला प्रयोग झाला. पडद्यांवर ग्रेचेन बेंडरने घडवलेल्या चित्रफिती आहेत. कार्यशाळांत भेटलेले चेहरे तिथे मोठे होऊन बोलतात. पूर्वार्धात त्यांच्याच शब्दांची गाणी गायिका ओडेटाच्या खोल आवाजात येतात. उत्तरार्धात व्हर्नन रीडचं संगीत धडकतं. नर्तक त्या हालचाली घेतात, उलटवतात, पळवतात, एकावरून दुसऱ्याकडे सोपवतात. एखाद्या क्षणी हात छातीशी जातो, बोटं उघडतात, आणि तुम्ही दचकता. तुमचं नाव आता कोणा दुसऱ्याच्या अंगात राहायला गेलं आहे.

त्याच डिसेंबरात ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आर्लीन क्रोचेचा लेख येतो. ती देशातली अतिशय मोठी नृत्यसमीक्षक. आपण हा प्रयोग पाहिलेला नाही आणि त्याची समीक्षा करण्याचाही बेत नाही, असं सांगूनच ती लेख सुरू करते. तिचा मुद्दा असा की मरणाच्या दारातली माणसं कलेत आणली की समीक्षकाचे हात बांधले जातात. दया तरी करा नाहीतर गप्प बसा, एवढंच उरतं. अशा कलेला ती बळींची कला म्हणते. महिनोन्महिने वाद पेटतो. जॉइस कॅरल ओट्ससारखी लेखिका उत्तर द्यायला पुढे येते.

तुम्ही तो लेख हातात धरून उभे आहात आणि तुम्ही तो प्रयोग पाहिला आहे. मंचावर कोणी दया मागत नव्हतं. तिथे कसलेले नर्तक होते, काटेकोर बांधणी होती, ताल होता, आकार होता. समीक्षकाला बोलायला हवं ते सगळं होतं. आजारी शरीर दिसलं की तिथे विचार नसणार, फक्त वेदना असणार, हे क्रोचेने आधीच गृहीत धरलं होतं. ज्याला आपण बळी मानतो, त्याच्या हातात रचना असू शकते हेच आपल्या ध्यानात येत नाही.

तरी एक प्रश्न तुम्हाला सोडत नाही, आणि तो क्रोचेच्या प्रश्नाहून महत्त्वाचा आहे. आजारी माणसं पडद्यावर होती. त्यांच्या हालचाली नाचणारे नर्तक धडधाकट. त्यांचं ज्ञान मंचावर पोचलं, त्यांची शरीरं मात्र चित्र होऊन राहिली. ती स्वतः कधी उतरणार?

1996 मध्ये औषधांचे नवे संयोग येतात. एचआयव्ही हळूहळू फाशीची शिक्षा न राहता दीर्घ आजार होतो आणि मरणाची तयारी करून बसलेल्यांना आता म्हातारपणाची तयारी करावी लागते. बिलही जगतो. 2004 मध्ये तुम्ही एका परिषदेत होमर अविलाला नाचताना पाहता. बिलच्या कंपनीत नाचलेला हा माणूस. तीन वर्षांपूर्वी कर्करोगात त्याचा एक पाय गेला, तरी तो एका पायाचं नृत्य घडवतो आहे. प्रेक्षकांत ॲलिस शेपर्ड बसली आहे. मध्ययुगीन साहित्याची प्राध्यापक, कृष्णवर्णीय, क्वीअर, व्हीलचेअर वापरणारी. होमर तिला आव्हान देतो, नाचाच्या वर्गात जाऊन दाखव. त्याच वर्षी होमर जातो. ॲलिस पुढे नोकरी सोडते आणि नर्तकी होते.

आता मार्च 2018. तुम्ही पुन्हा एकोणिसाव्या रस्त्यावर आहात, जॉइसपासून चार पावलांवर, ‘न्यूयॉर्क लाइव्ह आर्ट्स’मध्ये. बिल टी. जोन्स या संस्थेचा कलादिग्दर्शक आहे. मंचावर सपाट जमीन जवळजवळ नाहीच. चढ आहे, वळण आहे, कडा आहे. ऑलिन महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या साथीने आखलेला लाकडी उतार. इमारतीबाहेरचा उतार कोणाची तरी सोय म्हणून असतो. इथला उतार हे वाद्य आहे.

ॲलिस आणि तिची सहनर्तकी लॉरेल लॉसन व्हीलचेअरसह त्यावरून सुसाट खाली येतात. रोदँच्या शिल्पातल्या व्हीनस आणि अँड्रोमेडा इथे एकमेकींच्या प्रेमात आहेत. ॲलिस उताणी पडून लॉरेलला उचलून धरते. लॉरेलचे हात पंखांसारखे पसरलेले, चाकं हवेत फिरताहेत, दोघींची नजर एकमेकींत गुंतलेली. चाकाला किती वेग सोसतो, धातूचं वजन शरीराच्या वजनाशी कसं जुळतं, कड्यावर कुठे थांबायचं, हे सगळं चाकावर जगलेल्या शरीरालाच कळतं. प्रकाशयोजना करणारा मायकेल मागही व्हीलचेअर वापरतो. अंध प्रेक्षकांसाठी लॉरेलने ॲप घडवलं आहे. त्यात वर्णनांचे अनेक प्रवाह आहेत आणि त्यांतला कुठला ऐकायचा ते ऐकणारा ठरवतो.

1989 मध्ये डेमियनला दुसऱ्याने उचललं, तेव्हा तो नाचू शकला. 1994 मध्ये आजारी माणसांच्या हालचाली दुसऱ्यांनी नाचल्या. 2018 मध्ये त्या दोघी स्वतः नाचल्या, एकमेकींना उचललं आणि पायाखालची जमीनही आपल्याला हवी तशी घडवून घेतली. हे अंतर धैर्याने नाही, अधिकाराने कापलं गेलं आहे. म्हणून आपल्या काळात परत आलात की तुमच्या गावच्या नाट्यगृहात अपंग कलावंताचं कौतुक करताना ‘काय जिद्द!’ म्हणून थांबू नका. ही रचना कोणाची, ते विचारा. तिच्यात काय जमलं आणि काय फसलं, ते इतर कोणत्याही कलावंताबद्दल बोलाल तितक्याच गांभीर्याने बोला. आणि विंगेतल्या पायऱ्यांशी जाऊन व्यवस्थापकाला विचारा, व्हीलचेअरवरच्या नर्तकीने या मंचावर यायचं कुठून?