रेणूच्या दोन बाजू

घटक तेच, त्यांचे प्रमाणही तेच. तरीही दोन पदार्थ स्वभावाने भिन्न असू शकतात काय? एकोणिसाव्या शतकातील रसायनज्ञांना मॅलेइक व फ्यूमॅरिक या दोन आम्लांनी हाच पेच घातला होता. दोहोंच्या रेणूंत कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रत्येकी चार अणू. परंतु तापविले असता मॅलेइक आम्ल सहज पाणी टाकते, फ्यूमॅरिक तसे दाद देत नाही.

१८७४ साली व्हांट हॉफ या २२ वर्षांच्या डच तरुणाने उत्तर सुचविले. रेणू कागदावरील आकृतीसारखा सपाट नसतो. द्विबंधाने जखडलेले कार्बनचे अणू परस्परांभोवती फिरू शकत नाहीत. म्हणून दोन आम्लगट एकाच बाजूस असले तर मॅलेइक, विरुद्ध बाजूंस असले तर फ्यूमॅरिक. लाइपझिगचे आचार्य कोल्बे यांनी १८७७ मध्ये या कल्पनेची निर्दय थट्टा केली. हा तरुण उत्रेख्तच्या पशुवैद्यक शाळेत नोकरीस होता; तेथूनच त्याने पंखांचा घोडा मागून आणला असावा, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

पुढे कोल्बे निवर्तल्यावर त्यांच्याच अध्यासनावर व्हिस्लिसेनस हे या कल्पनेचे पुरस्कर्ते आले. १८८७ साली त्यांनी तिचा विस्तार केला. मात्र एक गोष्ट गृहीत धरली. द्विबंध उघडून दोन नवे अणू रेणूस जोडले जातात, ते एकाच बाजूने येतात, असे त्यांनी मानले. परमँगनेटच्या क्रियेत तसे घडतेही. ब्रोमीनचे काय?

या गृहीताप्रमाणे मॅलेइक आम्लापासून मिळणारे ब्रोमीनयुक्त आम्ल अविभाज्य असावयास हवे होते. अमेरिकेतील आर्थर मायकेल यांनी व्हिस्लिसेनस यांच्या मांडणीवर आक्षेप घेतले; परंतु निर्णय दिला तो प्रयोगाने. १९१२ साली अलेक्झांडर मॅकेन्झी यांनी तेच आम्ल परस्परांची प्रतिबिंबे असलेल्या उजव्या व डाव्या रूपांत विभागून दाखविले. याचा अर्थ, ब्रोमीनचे अणू विरुद्ध बाजूंनी आले होते. त्याचे कारण १९३७ मध्ये रॉबर्ट्स व किंबॉल यांनी सुचविले : पहिला ब्रोमीन दोन्ही कार्बनांवर पुलासारखा बसतो आणि ती बाजू अडवितो, दुसऱ्याला पाठीमागूनच यावे लागते.

कोल्बे यांनी प्रयोगावाचून नाकारले, व्हिस्लिसेनस यांनी प्रयोगावाचून स्वीकारले. शासकीय टिपणे वाचण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास दुसरी चूक अधिक ओळखीची वाटते. विरोधकाचे विधान आपण दहादा तपासतो. आपल्या पक्षाच्या विधानाखाली मात्र न वाचताच सही करतो. येथे ती सही पुसण्यास पंचवीस वर्षे लागली.