वही, पेटी आणि मोबाईल

मंडळाला पन्नास वर्षे झाली म्हणून स्मरणिका निघत आहे, तेव्हा खजिनदार या नात्याने तुम्हीही काही लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले. मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. किराणा सामानाची यादी आणि मंडळाचा जमाखर्च यापलीकडे माझ्या हातून कधी लिखाण झाले नाही. पण वही मी सांभाळते, तर वहीचीच हकीकत लिहावी असे ठरवले. भगिनींनी चूकभूल पदरात घ्यावी.

आपले मंडळ निघाले ते १९७५ साली. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्याच वर्षी आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि २ ऑक्टोबरला देशात ३३ ठिकाणी बालविकासाची योजना सुरू होऊन अंगणवाडी हा शब्द पुढे घरोघरी गेला. माझा तेव्हा जन्मही नव्हता. सासूबाई पहिल्या सभासदांपैकी, त्यामुळे त्यांच्या तोंडून ऐकलेले सांगते. महिन्याची वर्गणी पन्नास पैसे. बैठकीत एकेकीचे नाव पुकारायचे, तिने उठून पैसे द्यायचे आणि खजिनदारबाईंनी मोठ्याने "जमा" म्हणायचे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही आपला पैसा वहीत गेला हे कानांनी कळत असे. वह्या, पावतीपुस्तके आणि इतिवृत्त एका पत्र्याच्या पेटीत राहात. पेटीची किल्ली एकीकडे आणि पेटी दुसरीकडे, असा तेव्हाचा बंदोबस्त होता!

पुढे बचतगटांचे दिवस आले. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला, तेथून ही चळवळ वाढली. आपल्या मंडळातही गट झाले, बँकेत खाते निघाले. पण पद्धत तीच राहिली. नाव पुकारायचे, मोजायचे, लिहायचे, सह्या करायच्या.

ही घडी प्रथम विस्कटली ती २०१६ साली. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा बंद झाल्या. आमच्या भिशीची रक्कम त्याच नोटांत होती. पण त्याहून मोठा घोळ घरोघरी झाला. डाळीच्या डब्यात, देवघरातील फोटोमागे, साड्यांच्या घड्यांत वर्षानुवर्षे साठवलेले पैसे बायकांना नवऱ्यासमोर ठेवावे लागले. कोणाचे अडीच हजार निघाले, कोणाचे अकरा. एकीच्या घरी त्यावरून आठ दिवस अबोला होता. अडीअडचणीला लपवलेला पैसा तो, त्याची लाज कसली? पण लाज वाटली खरी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय निघाली होती. आमच्यापैकी कोणाला ती ठाऊकही नव्हती. चार-पाच वर्षांत भाजीवालीच्या पाटीवरही चौकोनी ठिपक्यांचा कागद दिसू लागला.

मध्ये २०१९ चा पूर आला. सांगलीकर भगिनींना तो सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ च्या पुरात पेटी माळ्यावर टाकली म्हणून वाचली होती. या खेपेस माळाही पाण्यात गेला. मोबाईलवर "येथे दूध हवे", "येथे म्हाताऱ्या आजी अडकल्या आहेत" असे निरोप येत होते, आणि त्यांचा उपयोगही झाला. पण वीज नव्हती, एकेक फोन मुका होत गेला, आणि शेवटी माणसे बाहेर काढली ती नावांनी. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर आत चिखलाचा गोळा. १९७५ पासूनची इतिवृत्ते त्यात. सासूबाईंनी त्यातले एक पान उलगडायचा प्रयत्न केला, ते हातातच विरघळले. त्या काही बोलल्या नाहीत. पेटी घासून अंगणात उपडी घातली.

मग चिटणीसबाईंची मुलगी म्हणाली, कॉलेजच्या कामासाठी मी जुन्या वहीचे फोटो काढले होते, ते फोनमध्ये असतील. बेचाळीस पाने निघाली. ती फोटो काढत होती तेव्हा "वही नीट ठेव, चाळे करू नकोस" म्हणून मीच तिला रागावले होते. या स्मरणिकेत आरंभीच्या सभासदांची जी नावे छापली आहेत, ती त्या बेचाळीस पानांतली. बाकीची गेली.

म्हणून मी मोबाईलला नावे ठेवीत नाही. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण त्यात चूक माझी आहे. करोनाच्या काळात बैठका बंद पडल्या, तेव्हा हप्ते माझ्या फोनवर येऊ लागले. एका भगिनीने पाचशे रुपये पाठवले. तो संदेश आला तेव्हा फोन मुलाच्या हातात होता, त्याने पाहिला आणि सारला. मी वहीत लिहिले नाही. पुढे बैठक भरली तेव्हा थकलेल्यांत मी तिचे नाव वाचले. तिने "पाठवलेत" एवढेच म्हटले, आणि पुढे दोन महिने ती आली नाही. पासबुक छापून आणले तेव्हा ती नोंद सापडली. दुपारी तिच्या घरी गेले. ती पापड लाटत होती. मी माफी मागितली, तर म्हणाली, "ताई, पैशाचं नाही हो. पूर्वी सगळ्यांसमोर देत होते, तेव्हा कोणी विचारलं नसतं." त्यानंतर मंडळाच्या स्वतःच्या खात्याचा कागद आपण भिंतीला लावला. फोनने आलेले पैसेही मी बैठकीत नाव घेऊन वाचते.

अंगणवाडीच्या बाईंचे हाल आपण पाहतोच. पूर्वी त्यांना अकरा रजिस्टरे भरावी लागत. २०२१ साली पोषण ट्रॅकर आले. आरंभी त्यात मुलांची नावे इंग्रजीत भरावी लागत. सरकारी फोन जुने, सारखे बंद पडणारे. त्या वर्षी राज्यभर सेविकांनी ते फोन परत केले, ते उगीच नव्हे. २०२५ च्या जुलैपासून आहार देताना आईचा चेहराही फोनला दाखवावा लागू लागला. मूल कडेवर रडते आहे, आणि बाई आईला म्हणतात, जरा उजेडात या, डोळे मिटू नका!

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज आपल्याच सभागृहात भरले गेले, ते अनेकींना आठवत असेल. दिवसा अर्ज पुढे सरकत नसत, म्हणून मुली रात्री बसत. पंधराशे रुपये थेट खात्यात आले, मध्ये कोणाचा हात नाही, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पुढच्या वर्षी पडताळणी निघाली आणि तीत पती किंवा वडील यांचेही आधार मागितले गेले. ज्यांना दोघेही नाहीत त्यांनी काय करावे? मागाहून त्यांच्यासाठी सोय निघाली, पण तोवर त्या बायांनी काढलेले दिवस मी जवळून पाहिले.

आणि रेशनचे यंत्र. आमच्या गल्लीतल्या आक्का सत्तरीच्या पुढच्या. जन्मभर भाकऱ्या थापल्या, राखेने भांडी घासली, बोटांच्या रेषा कुठून राहणार? यंत्र अंगठा घेत नाही. फोनवर आकडा येतो म्हणावे, तर तो फोन पुण्याला मुलाकडे. दोनदा त्या रिकामी पिशवी घेऊन परतल्या. आता दर महिन्याला आपल्यापैकी एकजण त्यांच्याबरोबर जाते आणि दुकानातून मुलाला फोन करून आकडा विचारते. अशा सहा जणींची यादी कपाटाच्या दारावर चिकटवली आहे, आणि पाळीही लिहिली आहे. श्रावणापासूनची पाळी अजून रिकामी आहे, कोणी घ्यावी.

आक्का वर्गणी मात्र रोखच देतात, आणि मी त्यांचे नाव पुकारून "जमा" म्हटल्याशिवाय नोट हातातून सोडत नाहीत.