कावडीतले गंगोदक

काशीहून गंगेचे पाणी कावडीत भरून घ्यावे, ते पायी रामेश्वरास न्यावे आणि तेथील शिवलिंगावर त्याचा अभिषेक करावा, ही भारतातील जुनी आणि खडतर यात्रा. या यात्रेतील संत एकनाथांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलेले नाथांना दिसले आणि त्यांनी कावडीतले पाणी त्याच्या तोंडात ओतले. सोबतचे यात्रेकरू हळहळले. नाथांनी मात्र आपला अभिषेक रामेश्वरास पोचला असेच मानले.

एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९ हा होय. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ सालचा. मधे दीड शतकाहून अधिक काळ लोटला. त्यामुळे अशा कथांकडे परंपरेने जपलेली साक्ष म्हणून पाहणे बरे. तरीही एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्या वाळूत पडलेला प्राणी गाढवच का असावा?

त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपण फार मागे जातो. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत उद्दालक आरुणी याज्ञवल्क्यास विचारतो की, सर्वांना आतून चालविणारा तो कोण? याज्ञवल्क्य पृथ्वी, जल, अग्नी, वायू असे एकेक नाव घेत सांगतो की, या प्रत्येकात राहून, त्याच्या नकळत, त्याचे नियमन करणारा अंतर्यामी तो तुझाच आत्मा होय. पुढे शंकराचार्यांनी या विचारातून अद्वैत पाहिले. रामानुजाचार्यांनी सारे चराचर हे ईश्वराचे शरीर मानले. मतभेद मोठा, परंतु भूतमात्राच्या ठायी ईश्वर आहे, याविषयी दोघांचे एकमत आहे.

भागवत पुराणाने हा विचार सभेतून रस्त्यावर आणला. तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आपल्या मातेस बजावतात की, प्राणिमात्रांतील ईश्वराची उपेक्षा करून केवळ मूर्ती पूजणारा राखेत आहुती टाकतो. अकराव्या स्कंधाच्या एकोणतिसाव्या अध्यायात श्रीकृष्ण उद्धवास याची साधनाच सांगतात. आप्तजन हसले तरी हसू द्यावे, देहाची लाज सोडावी आणि कुत्रा, चांडाळ, गाय व गाढव यांपर्यंत सर्वांना भूमीवर दंडवत घालावा.

याच स्कंधावर एकनाथांनी मराठी टीका रचली आणि १५७३ मध्ये ती काशीत पूर्ण केली. त्यांच्या कथेतले गाढव कोठून आले असावे, याचा अंदाज आता बांधता येतो. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या परिचयाचे आहेत. अस्पृश्य मानलेल्यांना श्राद्धाचे अन्न वाढणारे, वाळवंटात पाय पोळणाऱ्या महाराच्या मुलाला कडेवर उचलून घेणारे एकनाथही परिचयाचे आहेत. संस्कृत श्लोकातील नावांची यादी मराठी लोकमनाने अशी एकेका प्रसंगात उतरवून घेतली.

मात्र त्या श्लोकाशी आपण आणखी क्षणभर थांबले पाहिजे. वंदनीय म्हणून जी नावे घेतली, त्यांत माणूस म्हणून चांडाळ आहे आणि तो कुत्रा व गाय यांच्या मधोमध उभा आहे. सिद्धान्त उदात्त खरा. पण तो ज्या समाजात सांगितला गेला, त्याच्या उतरंडीत काही माणसांची जागा कोठे होती, हेही तोच श्लोक नकळत सांगून जातो. एकनाथांनी ‘जोहार’ रचून महाराच्या मुखाने अध्यात्म वदविले, ही त्या काळी केवढी तरी झेप होती.

तरीही देऊळ उघडले नाही. मंगळवेढ्यास १३३८ मध्ये भिंत कोसळून चोखामेळा वारले. त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर झाली, परंतु त्यांच्या जातीला ते दार ओलांडण्यास सहाशे वर्षे लागली. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या इतिहासावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्याच डॉ. आंबेडकरांनी गांधीजींना उत्तर देताना म्हटले होते की, संतांनी माणूस आणि देव यांच्या नात्याचा विचार केला, माणसामाणसांतील झगड्याचा नव्हे. हा आक्षेप सहज बाजूस सारता येणार नाही. देवापुढे सारे समान, असे म्हणणाऱ्या समाजाने समतेचा प्रश्न देवावर सोपवून पाणवठा आणि देऊळ आपल्या ताब्यात ठेवले होते.

साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले, ते १० मे रोजी सुटले आणि त्याच वर्षी विठ्ठलाचे दार सर्वांना मोकळे झाले. त्याआधी १९३६ मध्ये त्रावणकोरच्या महाराजांनी जाहीरनामा काढून आपल्या संस्थानातील मंदिरे खुली केली होती. पुढे २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. याज्ञवल्क्याने जे ज्ञान म्हणून सांगितले आणि भागवताने जे साधन म्हणून नेमून दिले, ते न पाळणे आता दंडास पात्र झाले.

कायद्याची अंमलबजावणी हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून त्याचे बळ मी जाणतो आणि त्याची मर्यादाही. कायदा दार उघडू शकतो. आत आलेल्याला बसावयास सांगणे त्याच्या हाती नाही. कचेरीत माझ्या मेजापलीकडे एखादा अर्जदार फाटकी पिशवी छातीशी धरून अवघडून उभा राहतो. मी कागदातून मान वर करण्यास विलंब लावतो, आणि मग ते वाळूतले गाढव मला आठवते. नाथ रामेश्वराच्या वाटेवर थांबले होते. मला तर खुर्चीवरून उठावेही लागत नाही.