खुंटा, दोर आणि खलाशी

धक्क्याला होडी बांधणे म्हणजे खुंट्याला म्हैस बांधणे नव्हे. म्हशीखालची जमीन हलत नाही. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला पाणी सहा तासांत चार मीटरहून अधिक चढते-उतरते. भरतीला दोर आखडून बांधला, तर ओहोटीला होडी त्याला लोंबकळते. मग दोर तुटतो, नाहीतर खुंटा उपटतो. ढील जास्त दिली तर ती धक्क्यावर आपटत राहते. म्हणून पुढचा आणि मागचा दोर पुरत नाही. आणखी दोन लांब, तिरके दोर लागतात. होडी पुढेमागे सरकत नाही ती त्यांच्यामुळे. काथ्याच्या दोराचा मान मोठा होता, कारण तो ताणला जाऊन लाटेचा झटका पचवतो.

मला विशेष आवडते ती एका खुंट्यावर दोन जहाजे बांधायची रीत. दुसऱ्याने आपला फास पहिल्याच्या फासातून खालून वर काढून मग खुंट्यावर टाकायचा. मग कुणीही आधी निघो, दुसऱ्याचा दोर सोडावा लागत नाही.

इंग्रजांनी भरती-ओहोटीवर तोडगा काढला तो दरवाजांचा. भरतीला जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावून पाणी कोंडायचे. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा. नावे राजघराण्याची, दोर ओढणारे मात्र खलाशी, आणि त्यांत आमचे कोकणी मुसलमान पुष्कळ.

त्यांची नावे इतिहासात फारशी नाहीत, शब्द मात्र भाषेत राहिले. बंदर, नाखवा आणि सारंग फारसीतून आले. मालम, सुकाणू, खलाशी अरबीतून. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला, पण त्यांच्याच आरमारात दौलतखान होता आणि ‘दर्यासारंग’ हा किताबही होता. मराठी शुद्ध करायला निघालेल्यांनी एकदा होडीत बसून हे शब्द वगळून बोलून पाहावे. सुकाणूपाशीच अडतील!

प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे दोन्ही डॉक आता बुजवले आहेत. भाऊच्या धक्क्याला दरवाजे नाहीत. तिथे पाणी उतरू लागले की खलाशाला आजही दोर सैल करावा लागतो, आणि चढू लागले की पुन्हा आवळावा लागतो.